पाऊस दरवर्षी येतो, मग पाणी संपेल कसं?

पत्र:
"ताई, मी धनकवडीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. नैसर्गिक संसाधनांचा धडा दरवर्षी होतो, पोस्टर होतात, घोषवाक्यं होतात, प्रभातफेरी निघते आणि फेरीवरून आलेली मुलं हातपाय धुऊन नळ तसाच सोडून वर्गात येतात. यंदा एका मुलाने मधेच विचारलं, 'मॅडम, पाऊस दरवर्षी येतो ना, मग पाणी संपेल कसं?' वर्ग हसला. मी म्हटलं, आत्ता पुस्तकात दिलंय तेवढं लिही. घरी आल्यावर फार वाईट वाटलं, कारण खरं सांगायचं तर मलाच धड उत्तर देता आलं नसतं. प्रशिक्षणात सारखं सांगतात की मुलांना शोधू द्या, पण एवढ्या मुलांत एवढ्या वेळात ते करायचं कसं हे कुणी सांगत नाही, आणि पोर्शन संपवायचाय ते वेगळंच. काय करू?"
– एक शिक्षिका, पुणे

मॅडम, पहिलं काम म्हणजे उद्या त्या पोराला सांगा की तुझा प्रश्न मी घरी घेऊन गेले होते आणि मला उत्तर आलं नाही. एवढंच. वर्ग चिडीचूप होतो की नाही बघा, कारण मॅडमना उत्तर आलं नाही ही सहावीत फार मोठी बातमी असते, डब्याच्या सुट्टीत शेजारच्या तुकडीपर्यंत पोचते. मग तो प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहा, भोवती चौकट करा आणि धडा संपेपर्यंत पुसू नका, मॉनिटरला सांगून ठेवा, गणिताचे सर पुसतील त्यांनाही सांगून ठेवा.

आता ३५ मिनिटांबद्दल. मला नाही वाटत की अडचण मिनिटांची आहे. आपण मुलांना उत्तर आधी देऊन टाकतो, 'वाचवा', आणि मग म्हणतो चला आता शोधा. शोधायला ठेवलंय काय त्यात? 'पाणी हेच जीवन' लिहिलं की दहापैकी दहा, मग नळाकडे बघायचं कशाला. पोरं हुशार असतात हो, ज्याचे मार्क मिळतात तेवढंच करतात.

मी पण हेच केलंय, आणि त्याची शिक्षा मला पेट्रोल पंपावर मिळाली. १९९१ साली मी सातवीला अगदी छाती ठोकून सांगितलं होतं की मुलांनो, जगातलं पेट्रोल चाळीस वर्षांत संपणार. तेव्हा सगळीकडे तसंच छापून यायचं. २०२३ मधे सातारा रोडवर पंपावर एक टक्कल पडलेला गृहस्थ हात जोडून पुढे आला, "बाई, ओळखलंत का? तुमच्या हिशोबाने आठ वर्षं राहिली, मग आता गाडी इलेक्ट्रिक घेऊ का?" आणि हसायला लागला. बत्तीस वर्षं त्याने तो आकडा लक्षात ठेवला होता, बाकी मी काय शिकवलं ते काही आठवत नसणार.

चूक माझ्या आकड्यात नव्हती, आकडा कसा आला ते मी सांगितलं नाही ही चूक होती. चाळीस हा नुसता भागाकार असतो. आत्ता माहीत असलेलं आणि आत्ताच्या भावात काढायला परवडेल असं तेल किती, भागिले वर्षाला आपण जाळतो किती. नवीन साठा सापडला, भाव चढला, यंत्रं सुधारली की वरचा आकडा बदलतो, गाड्या वाढल्या की खालचा. आज तोच भागाकार केला तर उत्तर पन्नासच्या आसपास येतं. आता पोरं म्हणणार, म्हणजे तेल वाढलं? तर जमिनीखाली थेंबभरही वाढलेलं नाही, ते बनायला कोट्यवधी वर्षं लागतात. वाढली ती आपली शोधाशोध, आणि काढायचा त्रास. हे तोंडी सांगून सहावीच्या पोरांना कळत नाही, मला स्वतःलाच कळायला वेळ लागला. म्हणून चिवडा.

हो, चिवडाच. पातळ पोह्यांचा, शेंगदाणे न घातलेला. पाच-पाच मुलांचे दहा गट करा, दोघं उरतील त्यांना वेळ लावायला आणि पंच म्हणून ठेवा (सगळ्यात दंगेखोर दोघं घ्या, शिट्टी मिळाली की गप्प बसतात). प्रत्येक गटाला एक ताट, त्यात मोठा वाडगाभर चिवडा आणि त्यात मोजून चाळीस शेंगदाणे मिसळलेले. ही झाली खाण. अवजार म्हणजे दोन दातकोरण्या, हात लावायचा नाही. एका मिनिटाची एक फेरी, फेरीत दोघांनी काढायचं आणि बाकीच्यांनी मोजून वहीत लिहायचं, अशा पाच फेऱ्या. आणखी एक नियम, ताटाबाहेर सांडलेल्या प्रत्येक चिमटीला एक शेंगदाणा दंड. हा नियम विसरू नका, सगळी मजा त्यात आहे.

मी गेल्या वर्षी एका ओळखीच्या शिक्षिकेच्या वर्गात हे करून बघितलं, तेव्हा एका गटाचे आकडे आले १४, ९, ६, ३, १. म्हणजे तेहतीस निघाले आणि सात आतच राहिले. राहिले म्हणजे हरवले नव्हते हां, ताटात होतेच, दिसतही होते दोन-तीन, पण पोह्यांच्या खाली तळाशी, आणि ते काढायला जावं तर अर्धा चिवडा बाहेर सांडायचा आणि दंड बसायचा. चौथ्या फेरीला एक पोरगी वैतागून म्हणाली, "नको, तीन दाण्यांसाठी चार जातायत." मी तिथल्या तिथे तिला थांबवलं आणि म्हटलं हे वाक्य फळ्यावर लिही. संपणं म्हणजे काय ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. खाण रिकामी होऊन संपत नाही, परवडेनाशी होऊन संपते. माझा पंपावरचा विद्यार्थी हे शिकला असता तर बरं झालं असतं.

पुढे आणखी एक गंमत करा. सहाव्या फेरीला एकाच गटाला गुपचूप चाळणी द्या. भराभर दाणे निघतात, बाकीचे गट बोंब मारतात, आणि चिवड्याचा पार भुगा होतो. मग त्यांना सांगा की आसाममधल्या दिग्बोईला १८८९ च्या सुमाराला जंगलातल्या जमिनीत तेल लागलं ती पहिली फेरी, १९७४ मधे मुंबई हायला त्यासाठी समुद्रात जाऊन भोक पाडावं लागलं ती पुढची फेरी. आणि चाळणी म्हणजे अमेरिकेतलं शेल नावाच्या दगडातलं तेल, तिथलं तेलाचं उत्पादन १९७० ला शिखर गाठून उतरणीला लागलं होतं, पुढे दगड फोडून तेल काढायचं तंत्र आल्यावर पुन्हा वर चढलं. फुकट नाही चढलं, भुगा झालाच. आणि भारत आजही लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, म्हणजे आपलं ताट आधीच दुसऱ्याच्या टेबलावर आहे, हे त्यांचं तेच म्हणतात बरं का, आपण सांगावं लागत नाही.

शेवटी चिवडा परत वाडग्यात भरायला लावा, पहिल्यासारखा. भरत नाही. अर्धा चुरा, थोडा जमिनीवर. डोंगर पूर्ववत करणं म्हणजे काय त्यावर वेगळं भाषण द्यायची गरज राहात नाही. (हात धुवून, स्वच्छ ताटात करा म्हणजे मग खाता येतो. संसाधनांच्या धड्यात चिवडा टाकून दिला तर ती ५२ पोरं तुम्हाला जन्मभर ऐकवतील. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी आहे का ते आधी विचारा, असेल तर तांदळात राजमा घाला, काम तेच होतं.)

आता तुमच्या त्या पोराचा प्रश्न. त्याचं म्हणणं बरोबर आहे ना, पेट्रोल परत येत नाही पण पाऊस येतो. धड्यात आपण कोळसा, पेट्रोल, पाणी, माती सगळं एकाच वाक्यात 'मर्यादित' म्हणून टाकतो आणि तिथे हुशार पोरगं अडखळतं. त्याला विचारा, तुझ्या घरी वर्षाचं लोणचं घालतात का? धनकवडीत निम्म्या घरांत तरी घालत असतील, नाहीतर गावाहून आजी पाठवते. मे महिन्यात कैऱ्या येतात, बरणी भरते, आणि पुढच्या मे पर्यंत ती पुरवायची. कैऱ्या दरवर्षी येतात, मग दिवाळीतच बरणीचा तळ दिसला तर? त्याला बेगमी म्हणतात. पाणी ही बेगमी आहे, दरवर्षी भरते पण बरणी तेवढीच आणि मधे भरता येत नाही. कोळसा-पेट्रोल म्हणजे अशी बरणी जी घालणारी आजी कधीच गेली, कृतीही कुणाला येत नाही. दोन्ही संपतात पण संपायची तऱ्हा वेगळी, आणि म्हणून जपायची तऱ्हाही वेगळी. पण हे लोणचं लगेच काढू नका! पहिल्या दिवशी सांगितलंत तर परत तेच झालं, उत्तर आधी. आधी पोरांना हिशोब करू द्या, आणि तो हिशोब त्यांना नीट फसवू द्या.

हिशोब असा. पुण्याला मुख्यतः पाणी देणारी धरणं चार, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. पेपरात रोज येतं, कात्रण आणायला सांगा, पावसाळ्यात तर पहिल्या पानावर असतं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट हे एका तरी पोराला घरी विचारून यायला लावा, बहुतेक बाबांना येत नसतं आणि त्याने घरात चर्चा सुरू होते. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. तर २९.१५ चे झाले ८२,५०० कोटी लिटर. आता हिशोबापुरती माणसं पन्नास लाख धरा, खरी किती ते त्यांनी शोधावं. भागा. माणशी वर्षाला १ लाख ६५ हजार लिटर. परत ३६५ ने भागा. माणशी रोज साडेचारशे लिटर!

आणि शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड धरतात. झालं, वर्गात एकच गलका. मॅडम भरपूर आहे की, तिप्पट आहे, मग आमच्याकडे दिवसाआड का येतं, टँकर कशाला लागतो? हा क्षण आला की गप्प बसा. खरंच गप्प बसा, मला माहितीय जीभ वळवळते. फळ्यावर 'मग पाणी जातं कुठे?' एवढं लिहा आणि पोरांचे अंदाज एकाखाली एक लिहीत जा, चूक-बरोबर काही म्हणू नका. गळतं म्हणतील, चोरतात म्हणतील, वाफ होते म्हणतील, बिल्डर पितात असंही एक येईलच. सगळं लिहा. मग अंदाज वाटून द्या, एकेका गटाला एकेक, आठ दिवस.

तुमच्यापुरतं सांगून ठेवते म्हणजे तुम्ही भांबावणार नाही. त्या चार धरणांचं पाणी एकट्या पुण्याचं नाहीये, मुठा उजव्या कालव्याने ते हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे शेतीला जातं, त्याला आवर्तन म्हणतात, आणि कुणाला किती यावरून दरवर्षी बैठकीत वाद होतो. तुमच्या वर्गात इंदापूर-दौंडकडची दोन-चार पोरं असणारच, त्यांना विचारा आवर्तन म्हणजे काय, तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. दुसरं, धरण काही वर्षभर काठोकाठ नसतं, चार महिन्यांत भरतं आणि मग नुसतं उतरत जातं. तिसरं, वाफ आणि गळती. आणि चौथं सगळ्यात मजेशीर, जुलै-ऑगस्टमधे खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात आणि भिडे पूल पाण्याखाली जातो, अख्खं पुणं फोटो काढायला जातं. खडकवासला तसं लहान, दोन टीएमसीसुद्धा नाही, पानशेत-वरसगाव भरत आले की वरून येणारं ते धरून ठेवणार कुठे. म्हणजे ज्या वर्षी भिडे पूल बुडाला त्याच्याच पुढच्या मे महिन्यात सोसायटीत टँकर. त्या पोराच्या प्रश्नाची हीच तर गाठ आहे, पाऊस आला, बरणीत मावला नाही इतका आला, तरी मे मधे तळ. इथे लोणचं काढा. आता चव लागेल.

जमिनीखालच्या पाण्याचं मात्र वेगळं निघतं. पुणं काळ्या पाषाणावर बसलंय, बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा दगड स्पंजासारखा पाणी पीत नाही, पाणी राहातं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात, त्यामुळे साठा कमी. सोसायटीची बोअर आटली की आणखी खोल मारतात, खाली कधी कधी जुनं साठलेलं पाणी लागतं जे भरायला फार वर्षं गेली असतात, म्हणजे बेगमीच्या कपाटामागे आजीची जुनी बरणी सापडली आणि आपण तीही फोडली. पावसाचं पाणी असूनही ते पेट्रोलसारखं वागायला लागतं. हे सगळं सांगू नका, शाळेच्या आवारात खडीचा ढीग असेलच कुठेतरी (पुण्यातल्या कुठल्या शाळेत बांधकाम चालू नसतं?), त्यातला एक खडा हातात द्या, पाणी टाका, मुरतं का बघा, बाजूला विटेचा तुकडा ठेवा त्यावरही टाका. पाच मिनिटांचं काम. आणि जाता जाता विचारा, हा खडा कुठून आला, ती टेकडी परत वाढेल का. वेताळ टेकडीवर जुनी दगडाची खाण आहे, कुणी तिथे फिरायला गेलं असेल तर तो खड्डा त्याने पाहिलेला असतो, फक्त तो आपल्या इमारतींचा साचा आहे असं कधी सुचलेलं नसतं.

आता घरचं मोजमाप. इथे जरा जपून, कारण मी इथेच एकदा चुकले होते. 'तुमच्या घरी रोज किती पाणी लागतं ते लिहून आणा' असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बंगल्यातला मुलगा हजार लिटर सांगून हसला आणि वस्तीतली एक मुलगी वहीच आणली नाही म्हणाली. तिच्याकडे सार्वजनिक नळ, सकाळी तासभर येणारा. म्हणून घर मोजायला लावू नका, काम मोजायला लावा. एक फ्लश किती, एक बादली किती, भांडी घासायला किती. नंतर मी तेच केलं, आणि त्या मुलीला विचारलं की हंड्यात किती मावतं ग? ती ताडकन म्हणाली, बारा लिटर, पण काठोकाठ भरला तर डोक्यावर सांडतं म्हणून मी दहा धरते. आणि मग कळशी, पिंप, बादली सगळ्यांची मापं तिने तोंडपाठ सांगितली, आंघोळ दीड हंडा, स्वयंपाक एक, भांडी एक, धुणं चार. बाकीची पोरं वहीत उतरवून घेत होती. त्या दिवशी वर्गात लिटर कळणारी ती एकटीच होती.

आणि ठिबकणारा नळ. प्रत्येक पोस्टरवर असतो ना तो, खाली रडणारी पृथ्वी. शाळेतलाच एक ठिबकता नळ शोधा, शोधावा लागणार नाही, खाली औषधाच्या मापाचं टोपण धरा आणि दहा मिनिटं मोजा. माझ्या मोजणीत चाळीस मिली आले होते, म्हणजे तासाला २४० आणि दिवसाला पावणेसहा लिटर. आता आरओ. घरी फिल्टर असलेल्या दोन-तीन मुलांना सांगा की एक लिटर शुद्ध पाणी भरेपर्यंत ती बारीक पांढरी नळी बादलीत सोडून ठेवा. मशीनप्रमाणे दोन-तीन लिटर निघतं. घरात दिवसाला बारा लिटर प्यायला-स्वयंपाकाला घेतलं तर तीसेक लिटर मोरीत. आणि जुना फ्लश एका वेळी दहा लिटर, चार माणसं पाच-पाच वेळा, दोनशे लिटर. सहा, तीस, दोनशे. पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात. नळ दुरुस्त करू नका असं मी म्हणत नाहीये, वॉशर दहा-वीस रुपयाला मिळतो, करा. पण पोस्टरवर ज्याचं चित्र काढलं तो सगळ्यात लहान निघाला आणि ज्याचं चित्र काढायला लाज वाटते तो सगळ्यात मोठा, हे त्यांनी स्वतः मोजून काढलेलं असलं की ते विसरत नाहीत. मागच्या वेळी एका मुलाने घरी जाऊन फ्लशच्या टाकीत पाणी भरलेली लिटरची बाटली ठेवली आणि आईला न सांगता ठेवली, मग प्लंबर आला, तो वेगळा किस्सा.

वेळ उरला तर एक खेळ घ्या, मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो. पाच जणांच्या गटामधे एका वाटीत सोळा फुटाणे. फेरीत प्रत्येकाने शून्य ते तीन कितीही घ्यायचे, न बोलता. फेरी संपली की वाटीत उरतील त्याच्या दुप्पट करून द्यायचे, पण सोळाच्या वर नाही. म्हणजे निसर्ग भरतो, पण त्याच्या बेताने. पहिल्यांदा काय होतं? पाच त्रिक पंधरा, उरला एक, झाले दोन, खेळ खलास. एक मिनिट पण लागत नाही, आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. दुसऱ्यांदा सांगा, आता आधी पाच मिनिटं बोला आणि नियम ठरवा. पोरं शोधून काढतात की मिळून आठच घ्यायचे, मग आठाचे सोळा, असं कितीही फेऱ्या चालतं. पण आठ फुटाणे आणि माणसं पाच! जास्तीचे तीन कुणाला? खरी भांडणं इथे सुरू होतात, आणि ती होऊ द्या. कुणी म्हणतं पाळीपाळीने, कुणी म्हणतं ज्याने डबा आणला नाही त्याला, एक म्हणाला वाटी माझ्या बाकावर आहे म्हणून मला. या शेवटच्या नियमावर तर थोडं थांबाच, कारण ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचं पाणी हा तोच नियम आहे.

आणि मग त्यांना आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा पुण्याचे एक कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले, नायगावला माळरानावर काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम काय, तर पाण्याचा वाटा घरात माणसं किती त्यावर, जमीन किती त्यावर नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. पोरांना फक्त नियम सांगा आणि विचारा, हे तुमच्या कुठल्या गटाच्या नियमासारखं आहे? उसाला बंदी का घातली असेल? सगळ्यांचं मिळून असलेलं साधन लोक आपापसात नियम करून टिकवतात यावर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे पोरांना नाही सांगितलं तरी चालेल, मुख्याध्यापक विचारतील की फुटाणे कशाला आणलेत तेव्हा उपयोगी पडतं.

आता तुमचा पोर्शन. हिशोब सांगते, चिवड्याला दोन तास जोडून घ्या, धरणाचा भागाकार एक तास आणि तो गणिताच्या सरांकडून मागून घ्या, त्यांनाही शाब्दिक उदाहरणं हवीच असतात. मोजमाप घरी, त्यावर बोलायला एक तास, खडा-वीट पाच मिनिटं, फुटाण्यांचा एक तास. सगळे मिळून पाच तास, एरवी पोस्टर आणि प्रभातफेरीत तेवढेच जातात. धड्यातल्या व्याख्या शेवटच्या दिवशी पटापट लिहून द्या, अहो खरंच पटापट होतात, कारण तोवर 'अनवीकरणीय' (एकदा संपलं की परत न भरणारं) म्हटल्यावर पोरं चिवडा म्हणतात. परीक्षेत हमखास येणारे कोळशाचे-खनिजांचे प्रश्न उरतात ते पाठ करू देत, त्याला इलाज नाही, चंद्रपूरला कोळसा आहे हे माहीत असायलाच हवं. आणि चाचणीत घोषवाक्याच्या जागी एक प्रश्न टाका, 'या धड्यात असा कोणता आकडा मिळाला ज्यावर तुझा विश्वास बसला नाही, आणि तू तो परत कसा तपासशील?' तपासायला जरा वेळ लागतो, पण वाचायला मजा येते, पन्नास वेळा 'झाडे लावा' वाचण्यापेक्षा बरं.

एक गोष्ट मात्र करू नका, घाबरवू नका. आम्ही फार घाबरवलं पोरांना, तिसरं महायुद्ध पाण्यावरून होणार वगैरे, आणि घाबरलेलं पोरगं प्रश्न विचारत नाही, फक्त मान डोलावतं. तुमच्याकडचं एक पोरगं अजून विचारतंय. तुमच्या शाळेपासून कात्रजचा तलाव लांब नाही, जमलं तर त्याला आणि वर्गाला एकदा तिथे घेऊन जा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर, आणि वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधले. पेठांतल्या हौदांना तेच पाणी. तिथे उभं करून त्याला त्याचाच प्रश्न परत विचारा, तेव्हाही पाऊस दरवर्षीच यायचा, मग एवढा खटाटोप कशाला केला असेल? काय म्हणतो ते मला नक्की लिहा, मी खरंच वाट बघतेय.

ता.क. दहा गटांना दीड-दोन किलो चिवडा पुरतो. शेंगदाणे मोजून चारशे म्हणजे पाव किलोत होतात, पण तुम्ही अर्धा किलो आणा, मोजणारी पोरंच निम्मे खातात.